दहावीचे चार महिने

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

जर्मनीत कुशल मनुष्यबळ पाठवण्याविषयीची बातमी आपल्या अंकात पुन्हा एकदा वाचली. 2024 मध्ये आपल्या राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला, पहिल्या टप्प्यात दहा हजार जणांना पाठवण्याचं बोललं गेलं, तेव्हापासून या विषयावरची एकही बातमी मी सोडत नाही. कारण त्याच राज्यात, स्टुटगार्टजवळच्या सिंडेलफिंगन या गावात, मी 2019 पासून राहते आहे. बातमीत पगार होता, भाषेचे वर्ग होते, कोणत्या कामांना मागणी आहे तेही होतं. जाणाऱ्यांच्या मुलांबद्दल मात्र एक ओळही नव्हती. पंचविशीतला मुलगा एकटा जात असेल तर प्रश्न नाही. पण पस्तिशी-चाळिशीतली माणसंही जातात आणि त्यांच्या घरी आठवी, नववी, दहावीतली मुलं असतात. त्या आईवडिलांसाठी हे पत्र लिहिते आहे. लांबलं आहे, पण यापेक्षा थोडक्यात सांगणं मला जमलं नाही.

आम्ही मूळचे चिंचवडचे. माझे मिस्टर चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या डिझाइनमध्ये होते, मी एका सहकारी बँकेत. 2019 च्या सप्टेंबरमध्ये त्यांना इकडची नोकरी मिळाली. 1 डिसेंबरला रुजू व्हायचं होतं. मुलगी तेव्हा सेमी-इंग्रजीच्या दहावीत, मुलगा तिसरीत. दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी शाळेत दोघांचे दाखले काढायला गेले. बोर्डाचे फॉर्म भरून झाले होते. ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी मुलाचा दाखला लगेच लिहिला, मुलीचा हातात घेतला आणि पेन खाली ठेवलं. म्हणाले, "ताई, हिचा फॉर्म गेलाय. मार्चला परीक्षा आहे. चार महिने पोरीला आजीकडे ठेवा. दहावीचं सर्टिफिकेट हातात असलं की मग कुठंही न्या."

मी म्हटलं, आम्ही सगळे एकत्रच जाणार आहोत. ते पुढे काही बोलले नाहीत. वर्तणूक चांगली, प्रगती चांगली, शाळा सोडण्याचं कारण पालकांची बदली, आणि कोणत्या इयत्तेत, तर 'इयत्ता दहावीत शिकत होती', असं वळणदार अक्षरात लिहून त्यांनी शिक्का मारला.

त्या दोन महिन्यांत आम्हाला सल्ला देणारे पुष्कळ भेटले. व्हिसाची कागदपत्रं पाहणारे होते, इथे आधी येऊन राहिलेले होते, नातेवाईक होते. सगळे एकच सांगायचे, मुलं पटकन शिकतात. बरोबर सल्ला फक्त त्या भाऊसाहेबांनी दिला होता.

का थांबलो नाही, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. चौघांची तिकिटं एकत्र होती, चिंचवडचं घर भाड्याने द्यायचं ठरलं होतं, ही कारणं आम्ही लोकांना सांगितली. खरं कारण असं की पंधरा वर्षांच्या मुलीला मागे ठेवून मला राहवलं नसतं. ती माझी गरज होती, तिची नव्हे. तिला आम्ही विचारलं नाही, सांगितलं. ती रडली नाही म्हणून ती तयार आहे असं आम्ही धरून चाललो.

पुढचं वाचकांना आठवत असेल. 3 मार्च 2020 ला दहावीची परीक्षा सुरू झाली. 23 तारखेचा भूगोलाचा पेपर करोनामुळे आधी पुढे ढकलला आणि नंतर रद्दच केला. भूगोलाचे गुण सरासरीने देऊन जुलैत निकाल लागला. इकडे 17 मार्चला आमच्या राज्यातल्या शाळा बंद झाल्या. तिच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. निकालाच्या दिवशी त्यावर दुपारभर टक्केवारी येत होती. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एकेकीला 'अभिनंदन' लिहीत होती. मी पोळ्या करत होते. कोणीतरी विचारलं असावं, तुझे किती? तिने फोन पालथा ठेवला आणि मला म्हणाली, "आई, कणीक संपली का? मी मळून देऊ?"

कोणी म्हणेल, थांबली असती तरी विमानं बंद होती, आजीकडे अडकलीच असती. अडकली असती. चार महिन्यांचे आठ-नऊ महिने झाले असते. पण प्रमाणपत्र हातात घेऊन आली असती.

आता इथल्या शाळांविषयी, कारण आपल्याकडे याची कल्पना नसते. जर्मनीत शिक्षण हा प्रत्येक राज्याचा विषय आहे आणि आमच्या राज्यात चौथीनंतरच वाटा फुटतात. विद्यापीठाकडे नेणारी शाळा म्हणजे गिम्नाझियुम. मधली रेआलशूले, तिथे दहावीनंतर परीक्षा होते. तिसऱ्या वाटेवरची मुलं लवकर कामधंद्याच्या प्रशिक्षणाला लागतात. या सगळ्यांना एकत्र घेणारी आणखीही एक शाळा आहे. चौथीत इथे असलेलं मूल या वाटांवर आपसूक लागतं. पंधराव्या वर्षी बाहेरून आलेल्या मुलाला मात्र आधी भाषेच्या तयारीच्या वर्गात बसवतात. इथे त्याला 'फाउ-का-एल' म्हणतात. शाळा सक्तीची आहे. घरी बसवून आपल्या बोर्डाचा अभ्यास करून घेऊ हा विचार आम्ही केला होता, तो पहिल्याच आठवड्यात निकालात निघाला.

नववीला तिला 93 टक्के होते. प्रगतिपुस्तकाचं शपथबद्ध भाषांतरकाराकडून जर्मन करून घेतलं, पैसे भरले, ते कागद फाइलला लागले आणि तिथेच राहिले. तयारीच्या वर्गात सीरियाची, रोमानियाची, क्रोएशियाची, अफगाणिस्तानची मुलं, अकरा वर्षांपासून सोळापर्यंतची. त्रिकोणमिती करून आलेली मुलगी घड्याळात किती वाजले ते सांगायला शिकत होती. भाषा नवी म्हटल्यावर ते करावंच लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण वय थांबत नाही.

एक दिवस घरी आली आणि दप्तर न ठेवताच म्हणाली, "आई, जर्मनमध्येही आपल्यासारखं तो, ती, ते आहे." मला आनंद झाला, म्हटलं, बघ, मराठीचा उपयोग झाला. तर म्हणाली, "पण मुलगी 'ती' नसते. 'ते' असते. आज बाईंनी मला फळ्यावर लिहायला लावलं." व्याकरण तिला पटकन आलं. संस्कृतच्या आठ विभक्ती पाठ केलेल्या मुलीला जर्मनच्या चार काय जड! पण त्या वाक्यानंतर ती बराच वेळ खिडकीशी उभी होती, आणि मला काय बोलावं सुचलं नाही.

2020 च्या सप्टेंबरमध्ये तिला रेआलशूलेच्या नववीत घेतलं. सोळा पूर्ण झालेलं मूल सहसा थेट व्यावसायिक शाळेच्या भाषावर्गात पाठवतात. तयारीच्या वर्गाच्या बाई स्वतः मुख्याध्यापकांकडे गेल्या म्हणून हे झालं. त्या बाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. म्हणजे आपल्याकडची दहावी अर्धी झालेली मुलगी इथे पुन्हा नववीला बसली. गणित तिला येत होतं, तरी पहिल्या चाचणीत लाल खुणा. आपण दशांश चिन्ह देतो तिथे इथे स्वल्पविराम देतात. आपला एक म्हणजे उभी रेघ, इथल्या एकाला डोक्यावरून लांब शेपूट असतं आणि साताच्या पोटात आडवी रेघ. हे महिन्याभरात सुधारतं. सुधारायला वर्ष लागलं ते वेगळंच. इथे वर्गात हात वर करून बोलण्याला गुण असतात, आणि ते थोडेथोडके नव्हेत. आपल्याकडे गप्प बसून ऐकणारी मुलगी म्हणजे चांगली मुलगी. दाखल्यावर 'वर्तणूक चांगली' लिहिलं होतं ते त्याच गुणासाठी. इथे त्याच गुणासाठी तिला चार मिळाला. इथे एक म्हणजे उत्तम आणि सहा म्हणजे नापास, चार म्हणजे काठावर. शिक्षक-पालक भेटीत सरांनी अगदी आस्थेने विचारलं, "तिला विषय समजत नाही का?" मी म्हटलं, समजतो. ते म्हणाले, "मग ती बोलत का नाही?" पाच वर्षांची असल्यापासून आम्ही तिला मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस असं शिकवलं होतं, हे त्यांना मोडक्या जर्मनमध्ये कसं सांगणार?

गिम्नाझियुमचं आम्ही विचारून पाहिलं. तिथे सहावीपासून दुसरी परकीय भाषा असते, फ्रेंच किंवा लॅटिन, आणि ती काही वर्षं सलग झालेली लागते. माझ्या मुलीची आठवीपासूनची भाषा संस्कृत. समोरच्या बाईंनी यादी पाहिली आणि नम्रपणे फाइल परत दिली.

2021 च्या उन्हाळ्यात ती म्हणाली, मला परत जायचंय. आजीकडे राहीन, अकरावीला प्रवेश घेईन. माझ्या नणंदेने पुण्यात चौकशी केली. अकरावीच्या प्रवेशाला दहावी उत्तीर्ण लागते. ती उत्तीर्ण कुठे होती? चिंचवडच्या दाखल्यावर 'दहावीत शिकत होती', आणि इकडे नुकती नववी झालेली. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येईल, असं कळलं. म्हणजे सतराव्या वर्षी पुन्हा दहावी, तीही शाळेत न जाता. तिने दोन दिवस विचार केला आणि नको म्हणाली. दोन देशांत मिळून अकरा वर्षं शाळेत गेलेल्या माझ्या मुलीकडे तेव्हा एकाही परीक्षेचं प्रमाणपत्र नव्हतं. भाऊसाहेबांनी पेन खाली का ठेवलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

वाट पुन्हा तयारीच्या वर्गाच्या त्याच बाईंनी दाखवली. या राज्यात रेआलशूलेची दहावी झाल्यावर तीन वर्षांचं व्यावसायिक गिम्नाझियुम असतं, अकरावी ते तेरावी. जर्मन, गणित, इंग्रजीची सरासरी तीन किंवा त्याहून चांगली लागते. मुख्य म्हणजे दुसरी परकीय भाषा तिथे पहिल्या अक्षरापासून सुरू करता येते. आणि शेवटी जे आबिटूर मिळतं, त्यावर विद्यापीठात जाता येतं. इथे राहणाऱ्या आपल्या कितीतरी लोकांना हे ठाऊक नाही. मुलाला गिम्नाझियुममध्ये घेतलं नाही म्हणजे सगळं संपलं असं समजून ते रडतात, मीही रडले होते. माझ्या मुलीने 2022 ला दहावी केली, तांत्रिक शाखेच्या गिम्नाझियुमला गेली, अठराव्या वर्षी स्पॅनिशचं पहिलं पुस्तक उघडलं आणि 2025 च्या जुलैमध्ये तिला आबिटूर मिळालं. चिंचवडच्या मैत्रिणी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा देत होत्या, त्याच दिवसांत ती शाळेची शेवटची परीक्षा देत होती.

मुलाचं काय झालं ते दोन ओळीत सांगते. तो आठ वर्षांचा होता. सहा महिन्यांत बोलायला लागला, आता आम्हाला दुकानात तोच सांभाळून घेतो. मुलं पटकन शिकतात हे त्याच्याबाबतीत खरं ठरलं. त्या वाक्यात वय कोणी सांगत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की नववी ते बारावी या काळात मुलाला देश बदलायला लावायचाच असेल तर एखादं प्रमाणपत्र पदरात पडल्यावर बदला, मधूनच उचलू नका. एकाने आधी जावं, दुसऱ्याने मुलाबरोबर मागे राहावं, चार-सहा महिने दोन चुली मांडाव्या लागल्या तर मांडाव्यात. आम्हाला भीती घातली गेली होती की मूल मोठं झालं की आईवडिलांबरोबरचा व्हिसा मिळत नाही. ती मर्यादा अठराची आहे, फक्त सोळा पूर्ण झाल्यावर मागाहून येणाऱ्या मुलाला काही वेळा भाषेची जादा अट लागते. माझ्या मुलीला अठरा पूर्ण व्हायला पावणेतीन वर्षं होती, आणि आम्हाला चार महिन्यांची घाई झाली होती. दहावी करून आली असती तर किमान परतीची वाट उघडी राहिली असती. बारावी करून आली असती तर? भारतातली बारावी इथल्या विद्यापीठाला बहुतेक वेळा थेट चालत नाही, मध्ये एक वर्षाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम करावा लागतो, नाहीतर तिकडे पदवीचं एक वर्ष किंवा जेईई अ‍ॅडव्हान्स्ड. ते वर्ष धरूनही ती दोन वर्षं आधी विद्यापीठात गेली असती. मी बँकेत काम केलेली बाई, पण हा हिशेब तेव्हा मांडला नाही.

आखातात जाणाऱ्यांचं वेगळं आहे. तिकडे सीबीएसईच्या शाळा आहेत, इथे सीबीएसईत असलेल्या मुलाचं पुस्तकही बदलत नाही. त्यांचा अनुभव युरोपला निघालेल्यांनी आपल्याला लावून घेऊ नये. इथे इंटरनॅशनल शाळा असतात, पण त्यांची फी वर्षाला पंधरा-वीस हजार युरोच्या घरात, कंपनी भरणार नसेल तर नोकरदाराला परवडणारी नव्हे. आणि उलट्या दिशेनेही हेच आहे. ज्यांच्या मुलांना पुढे महाराष्ट्रात डॉक्टर व्हायचंय, त्यांनी लक्षात ठेवावं की वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला हे मुलगा बारावीत गेल्यावर कळलं.

जाणं ठरलंच असेल तर भाषा तिथेच सुरू करा. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, मुलांसाठीही वर्ग असतात. आम्ही मिस्टरांना घातलं, मुलीला नाही, कारण तिला दहावीचा अभ्यास होता, आणि मग ती दहावीही आम्हीच सोडायला लावली. सप्टेंबरमध्ये इथलं शाळेचं वर्ष सुरू होतं, तेव्हा या. डिसेंबरच्या अंधारात, चालू वर्गात, कोणाची ओळख नसताना मूल बसवू नका.

सरकारकडे माझी मागणी मोठी नाही. जाणाऱ्यांसाठी जे जर्मनचे वर्ग घेतले जातात, त्यांत एक दिवस पालकांसाठी ठेवा आणि इथल्या शाळांच्या वाटा समजावून सांगा. दुसरं, शिक्षण मंडळाला विनंती आहे. फॉर्म भरलेला दहावी-बारावीचा विद्यार्थी परदेशी जायला निघाला तर दाखला देण्याआधी पालकांना लेखी कळवा की परीक्षा सोडली तर काय होतं, आणि परीक्षेपुरतं परत येऊन बसायचं असेल तर हजेरीच्या अटीत काय मार्ग निघू शकतो. आम्हाला ऑफिसातल्या एका माणसाने तोंडी सांगितलं, ते आम्ही ऐकलं नाही. शिक्का असलेला कागद हातात पडला असता तर कदाचित थांबलो असतो.

हे पत्र मी मुलीला वाचून दाखवलं. तिने दोन अटी घातल्या. एक, नाव द्यायचं नाही. दुसरी, तिला बिचारी म्हणायचं नाही, कारण ऑक्टोबर 2025 पासून ती विद्यापीठात आहे आणि वर्गात हात वर करून बोलते. दोन्ही अटी मी पाळल्या आहेत. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे. नववी-दहावीतलं मूल घेऊन निघालेल्या कोणाला काही विचारायचं असेल तर जरूर कळवावं, मी उत्तर देईन.

जागेअभावी पत्र कापावं लागलं तर कापावं. फक्त भाऊसाहेबांचं वाक्य तेवढं ठेवावं, ही विनंती.

आपली नम्र,
एक आई
सिंडेलफिंगन, जर्मनी (मूळ चिंचवड)